बढती ठरवणारी खोली

२ डिसेंबर २००१, रविवार. त्या दिवशी ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. सोमवारी ह्यूस्टनमधल्या सुमारे चार हजार लोकांना नोकरी संपल्याचे सांगण्यात आले. कित्येकांना टेबल आवरायला अर्धा तास मिळाला. हातात खोकी घेऊन काचेच्या त्या उंच इमारतीतून बाहेर पडणारी माणसे तेव्हा जगभरच्या टीव्हीवर दिसली. या घटनेला डिसेंबर २०२६ मध्ये २५ वर्षे होतात.

महाराष्ट्राचे या कंपनीशी जुने नाते आहे. गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या किनाऱ्यावर उभा राहिलेला वीज प्रकल्प कागदोपत्री ‘दाभोळ पॉवर कंपनी’चा होता. लोकांनी मात्र त्याला एन्रॉन म्हटले. २००५ नंतर तो ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’कडे गेला, तरी कोकणात ते नाव सुटलेले नाही. आपल्याला एन्रॉन आठवते ती करार, प्रतिहमी, निवडणुकीतल्या घोषणा आणि डॉलरला बांधलेल्या दरांमुळे. अमेरिकेला आठवते ती खोट्या हिशेबांमुळे. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण एका गोष्टीकडे या पाव शतकात पुरेसे लक्ष गेले नाही, असे आम्हाला वाटते. त्या कंपनीत बढती कुणाला मिळत असे आणि ती कोण, कशी ठरवत असे, ही ती गोष्ट.

एन्रॉनमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसे काम करत. त्यांतली लबाड म्हणावीत अशी थोडी होती. बाकीच्यांमध्ये नामांकित विद्यापीठांतून आलेले लेखापाल, वकील, गणितज्ञ, अभियंते होते. व्यवहारात काहीतरी बरे चाललेले नाही, हे त्यांतल्या अनेकांना कळत होते. कळूनही बहुतेक जण गप्प राहिले. इतकी हुशार माणसे इतकी वर्षे गप्प कशी राहिली, याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत सापडत नाही. ते वर्षातून दोनदा भरणाऱ्या एका बैठकीत सापडते.

एन्रॉन १९८५ साली जन्मली, ओमाहाची इंटरनॉर्थ आणि ‘ह्यूस्टन नॅचरल गॅस’ या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून. दोन्ही कंपन्या जमिनीखालच्या नळांतून नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या. या धंद्यात माणसाची किंमत ठरायला वर्षे लागतात. दाब सांभाळणे, गळती शोधणे, झडपा वेळच्या वेळी बदलणे हे काम चोख झाले तर काहीच घडत नाही. काही न घडणे हीच तिथली कामगिरी असते. १९९० साली मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी सोडून जेफ्री स्किलिंग एन्रॉनमध्ये आले. हार्वर्डमध्ये शिकलेला, विलक्षण बुद्धीचा माणूस. वायू वाहून नेण्यापेक्षा वायूच्या करारांची खरेदी-विक्री करण्यात खरा पैसा आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते खरे करून दाखवले. १९९७ साली ते कंपनीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी झाले, फेब्रुवारी २००१ मध्ये मुख्याधिकारी. धंदा बदलला तसा माणसे मोजण्याचा गजही बदलला.

त्या गजाचे नाव ‘परफॉर्मन्स रिव्ह्यू कमिटी’, तोंडी पीआरसी. दर सहा महिन्यांनी वरिष्ठ अधिकारी एका खोलीत बसत आणि कर्मचाऱ्यांना एक ते पाच असे क्रमांक देत. एक म्हणजे सर्वोत्तम. खालच्या सुमारे पंधरा टक्क्यांना पाच द्यायचाच, अशी अट होती. पाच मिळालेल्याने पुढच्या सहामाहीत सुधारावे, नाहीतर बाहेरची वाट धरावी. बाहेरच्या जगाने या पद्धतीला ‘रँक अँड यँक’ म्हटले, म्हणजे आधी क्रमवारी लावा, मग तळाचे उपटून काढा. बोनस आणि बढती, दोन्ही त्या क्रमांकावर ठरत.

स्किलिंग यांना या पद्धतीचा अभिमान होता आणि तिची चांगली बाजू नाकारणे अन्याय्य ठरेल. लंडनच्या कार्यालयात वायूच्या व्यवहारांचे काम करणाऱ्या लुईस किचन या तरुण अधिकाऱ्याने कुणाची रीतसर परवानगी न घेता सहकारी गोळा केले आणि इंटरनेटवरून वायू-विजेचे सौदे करण्याची यंत्रणा उभारली. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘एन्रॉनऑनलाइन’ सुरू झाली. स्वतः स्किलिंग यांना तिची खबर अगदी शेवटी लागली. किचन तेव्हा तिशीही ओलांडलेल्या नव्हत्या. त्यांना शाबासकी मिळाली आणि वरची जागाही मिळाली. आपल्याकडच्या वीज मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेल्या हुशार मुलीने असे काही केले असते, तर आधी कारणे दाखवा नोटीस आली असती. मग ज्येष्ठता यादी, गोपनीय अहवाल, विभागीय पदोन्नती समिती या वाटेने कार्यकारी अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत पोचायला तिची उमेदीची वर्षे गेली असती. एन्रॉनची मुले आपल्याकडच्या अधिकाऱ्यांकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना येते. त्या नजरेत थोडे तथ्य होते, हे आपण मान्य करायला हवे.

पण त्या खोलीत काय मोजले जात होते? केलेला व्यवहार मोजला जात होता. चालवलेले काम नव्हे. १९९२ साली एन्रॉनला ‘मार्क टू मार्केट’ या हिशेबपद्धतीची परवानगी मिळाली. एखादा करार वीस वर्षांचा असेल, तर पुढच्या वीस वर्षांत त्यातून जे मिळेल असे वाटते, ते आजच मांडून नफा म्हणून दाखवता येऊ लागले. जुलै २००० मध्ये ‘ब्लॉकबस्टर’ या व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या कंपनीशी एन्रॉनने वीस वर्षांचा करार केला: घरोघरी तारेवरून सिनेमे पोचवायचे. त्या कराराच्या जोरावर एन्रॉनने ११ कोटी डॉलरहून अधिक नफा हिशेबात मांडला. २००१ च्या सुरुवातीलाच करार मोडला. मधल्या काळात त्या नफ्यावर कुणाचा तरी क्रमांक ठरला, कुणाचा तरी बोनस निघाला. तो परत मागण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

दाभोळकडे याच नजरेने पाहिले की अनेक कोडी सुटतात. एन्रॉनच्या परदेशी प्रकल्पांची जबाबदारी रिबेका मार्क यांच्याकडे होती. त्यांच्या विभागातल्या लोकांचा बोनस प्रकल्पाच्या अंदाजित किमतीवर ठरे आणि त्याचा मोठा वाटा अर्थपुरवठा पक्का होताच हाती पडे. प्रकल्प जितका मोठा, जितका महाग, जितक्या लांब मुदतीचा, तितकी ती अंदाजित किंमत मोठी. आता आपल्या बाजूने पाहू. १९९२ च्या जूनमध्ये सामंजस्य करार झाला. १९९३ च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले. त्याच वर्षी डिसेंबरात वीजखरेदी करार झाला. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प २,१८४ मेगावॉटवर गेला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. वीज उचलली नाही तरी स्थिर आकाराचे पैसे राज्य वीज मंडळाने द्यायचे होते. एका टप्प्यावर मंडळाला पडणारा दर युनिटला सात रुपयांवर गेला. मंडळ पैसे देऊ शकेना आणि मे २००१ च्या अखेरीस प्रकल्प थंडावला.

महाराष्ट्राने असा करार का केला, याची चर्चा खूप झाली. माधव गोडबोले समितीने त्यावर कठोर अहवाल दिला. ती चर्चा आपल्या घरातल्या चुकांची होती आणि ती व्हायलाच हवी होती. पण जे राज्य वीज मंडळ कर्जात बुडालेले आहे, त्याच्या गळ्यात न पेलणारा प्रकल्प बांधणे विकणाऱ्यालाही अखेर बुडवते, हे ह्यूस्टनमधल्या हुशार माणसांना दिसले कसे नाही? आमच्या मते त्यांना ते दिसत होते. ज्यांनी करार घडवला त्यांची कसोटी सहीच्या दिवशी संपत होती. बिल वसूल होते की नाही, हे सात-आठ वर्षांनी कळणार होते आणि तोवर ती माणसे दुसऱ्या खुर्च्यांवर पोचलेली असणार होती. खुद्द रिबेका मार्क १९९८ मध्ये अझ्युरिक्स या पाणी कंपनीच्या प्रमुख झाल्या आणि ऑगस्ट २००० मध्ये त्यांनी तीही सोडली. गुहागरच्या गावांतले आंदोलन, पोलिसी दडपशाही, ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने १९९९ साली त्यावर काढलेला अहवाल यांना तर त्या एक-ते-पाचच्या मोजपट्टीत कुठे रकानाच नव्हता.

त्या खोलीतला एक नियम वरून फार न्याय्य दिसतो. निर्णय एकमताने घ्यायचा. कुणा एका साहेबाची मर्जी चालू नये, यासाठी तो असावा. प्रत्यक्षात त्याने प्रत्येक साहेबाच्या हाती नकाराधिकार दिला. माझ्या माणसाला तू एक दे, मी तुझ्या माणसाला देतो. नाही दिलास, तर तुझ्या माणसाचे नाव आले की मी हात वर करणार नाही. एकदा हे सुरू झाले, की कर्मचाऱ्याला आपल्या साहेबाइतकेच इतर विभागांच्या साहेबांनाही सांभाळून राहावे लागते. न दुखावणे हे काम होऊन बसते. ज्याचे काम हरकत घेण्याचेच आहे, म्हणजे जोखीम तपासणारा, लेखापाल, विधी विभागातला माणूस, त्याने काय करावे? तो ज्यांचे व्यवहार अडवणार, तेच सहा महिन्यांनी त्याचा क्रमांक ठरवणार.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. कंपनीचे वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांनी १९९९ मध्ये एलजेएम नावाची भागीदारी काढली. तिचे नाव पत्नी आणि दोन मुलांच्या आद्याक्षरांवरून ठेवले. ही भागीदारी एन्रॉनशीच व्यवहार करणार होती आणि संचालक मंडळाने आचारसंहिता बाजूला ठेवून त्याला मान्यता दिली. एन्रॉनच्या बाजूने घासाघीस करायला बसणारे बरेच जण फास्टो यांच्याच हाताखालचे. टेबलाच्या पलीकडे आपला साहेब, स्वतःच्या फायद्यासाठी बसलेला, आणि त्याच साहेबाच्या हाती आपला बोनस. कोण किती ताणून धरणार? फास्टो यांना या भागीदाऱ्यांतून तीन कोटी डॉलरहून अधिक मिळाले, असे पुढे कंपनीच्याच चौकशी समितीने नोंदवले.

तरी काही जणांनी ताणून धरले. त्यांच्या बाबतीत काय झाले, ते सांगितलेच पाहिजे. कंपनीचे कोषाध्यक्ष जेफ्री मॅकमहन मार्च २००० मध्ये स्किलिंग यांच्याकडे गेले. अमेरिकी काँग्रेसपुढच्या त्यांच्या साक्षीनुसार त्यांचे म्हणणे सरळ होते: एकतर हा हितसंबंधांचा गुंता सोडवा, नाहीतर माझे वेतन-बोनस फास्टो यांच्या हातून काढा. थोड्याच दिवसांत मॅकमहन यांची दुसऱ्या विभागात बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या बेन ग्लिसन यांनी अशाच एका फास्टो-भागीदारीत सुमारे ५,८०० डॉलर गुंतवले आणि काही आठवड्यांत त्यांचे जवळपास दहा लाख झाले. पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेले. हरकत घेणारा हलला आणि सामील होणारा त्याच खुर्चीवर बसला. शेजारच्या टेबलांवरच्या लोकांनी ते पाहिले असणारच, आणि कंपनीच्या भिंतीवर लावलेल्या मूल्यांच्या फलकापेक्षा त्यांना ते जास्त स्पष्ट वाचता आले असणार.

संशोधन विभागाचे प्रमुख, पोलंडमध्ये जन्मलेले गणिती अर्थतज्ज्ञ विन्स कामिन्स्की यांनी एलजेएमच्या पहिल्याच व्यवहाराला विरोध केला होता. त्यांचा गट जोखीम-तपासणी विभागातून काढून दुसरीकडे हलवण्यात आला. तुमचा गट पोलिसांसारखा वागतो, लोकांना व्यवहार करू देत नाही, अशा अर्थाचे स्किलिंग आपल्याला म्हणाले, असे त्यांनी २००६ च्या खटल्यात सांगितले. आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण कंपनीतले कार्ल बास हिशेबांवर प्रश्न उभे करत होते. एन्रॉनने नाराजी कळवल्यावर मार्च २००१ मध्ये त्यांना एन्रॉनच्या कामातून दूर करण्यात आले. ऑगस्ट २००१ मध्ये स्किलिंग यांनी अचानक राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी उपाध्यक्ष शेरॉन वॉटकिन्स यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहिले. हिशेबांच्या घोटाळ्यांत कंपनी कोसळेल अशी भीती त्यात होती. पत्रावर त्यांनी आधी स्वतःचे नाव घातले नव्हते. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एकीची उपाध्यक्ष निनावी पत्र लिहिते, यावरून तिथल्या हवेची कल्पना येते. २२ ऑगस्टला त्या ले यांना समक्ष भेटल्या. दोन दिवसांत कंपनीच्या बाहेरच्या वकिलांकडून सल्ला आला: अशा कर्मचाऱ्याला काढून टाकले तर टेक्सासच्या कायद्यात काय धोके आहेत, याचा. साडेतीन महिन्यांत कंपनी बुडाली.

पुढचे खटले, शिक्षा सर्वांना ठाऊक आहेत. स्किलिंग २०१९ मध्ये सुटले. ले शिक्षा सुनावण्याआधीच, २००६ च्या जुलैत वारले. फास्टो यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. हिशेब कसे ठेवावेत यासाठी अमेरिकेत २००२ साली नवा कायदा आला.

बढती कशी द्यावी, यासाठी अर्थातच कोणताही कायदा आला नाही. ती पद्धत एन्रॉनबरोबर बुडाली नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी ती मोठी केली होती. मायक्रोसॉफ्टने ती २०१३ पर्यंत चालवली. आपल्याकडे सार्वजनिक उपक्रम विभागाने नोव्हेंबर २००८ मध्ये केंद्र सरकारच्या कंपन्यांना बेल कर्व्ह लागू केला. तेल, वायू, वीज क्षेत्रांतले मोठे उपक्रमही त्यात आले. उत्कृष्ट शेरा दहा ते पंधरा टक्क्यांनाच आणि दहा टक्के अधिकारी खालच्या वर्गात बसवायचेच. समुद्रातल्या तेलफलाटावर चौदा दिवस काढणारा अभियंता आणि त्याचा पाळीचा जोडीदार, दोघांचेही काम चोख असले तरी, एकाला खाली जावे लागू शके. २०१७ च्या सुधारित सूचनांत त्या खालच्या दहा टक्क्यांची सक्ती काढण्यात आली, हे चांगले झाले. ती सक्ती आधी आलीच कशी, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

पुण्यातल्या एका तरुण अभियंत्याने सांगितलेली गोष्ट मनातून जात नाही. नऊ जणांचा त्यांचा चमू. अप्रेझलच्या वेळी मॅनेजरला एकाला तरी सर्वांत खालचे रेटिंग द्यायचे होते. त्याने ते तीन महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला दिले. तिचे काम वाईट नव्हते. तिच्या बाजूने बोलेल इतका तिला कुणी ओळखत नव्हता, एवढेच. हे सांगताना त्या मुलाची मान खाली होती. कारण रेटिंग आपल्यावर आले नाही म्हणून त्या दिवशी आपल्याला हायसे वाटले होते, असे तो म्हणाला. त्या कंपनीत कुणीही फसवणूक केलेली नाही. पण पुढच्या वेळी चमूत काही चुकीचे दिसले, तर हा मुलगा तोंड उघडेल का? आम्हाला शंका वाटते, आणि त्या शंकेत त्याचा दोष फार थोडा आहे.

जुन्या सेवाज्येष्ठतेकडे परत जावे, असे आम्ही म्हणत नाही. तिने आपल्या वीज मंडळाचे काय केले, तेही आपण पाहिले आहे. पण तिच्यात एक गोष्ट होती. दाभोळच्या करारावर मंडळातल्या आणि मंत्रालयातल्या काही अधिकाऱ्यांनी फाइलीवर प्रतिकूल शेरे लिहिले होते. पुढे गोडबोले समितीला आधार मिळाला तो अशाच कागदांचा. शेरा लिहिणाऱ्याची बढती रखडू शकली असती, त्याची आडवळणी बदली होऊ शकली असती. पण त्याची नोकरी दर सहा महिन्यांनी पणाला लागत नव्हती. म्हणून शाई वाळली आणि शेरा फाइलीत राहिला. ह्यूस्टनमध्ये असे लिहिण्याची हिंमत करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

एन्रॉनने १९९७ मध्ये ओरेगन राज्यातली ‘पोर्टलंड जनरल इलेक्ट्रिक’ ही जुनी वीज कंपनी विकत घेतली होती. तिथल्या लाइनमननी निवृत्तीसाठी साठवलेले शेअर एन्रॉनचे झाले. ऑगस्ट २००० मध्ये तो शेअर ९० डॉलरवर होता. नोव्हेंबर २००१ संपताना तो एका डॉलरच्या खाली आला. खांबावर चढण्यात आयुष्य घालवलेल्या कित्येकांची लाखो डॉलरची पुंजी काही हजारांवर आली. दिवाळखोरीच्या आधीच्या काही दिवसांत कंपनीने पाचशेच्या आसपास अधिकाऱ्यांना, त्यांनी सोडून जाऊ नये म्हणून, साडेपाच कोटी डॉलर वाटले. कामावरून काढलेल्यांना सुरुवातीला साडेचार हजार डॉलर मिळाले. लाइनमन त्या पीआरसीच्या खोलीत कधी बसले नाहीत आणि एलजेएम हे नाव त्यांनी बहुधा वर्तमानपत्रातच वाचले असेल.

पोर्टलंडची वीज कंपनी दिवाळखोरीच्या अर्जात नव्हती. त्या डिसेंबरात तिथले दिवे लागत राहिले. आपल्याकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या वाड्यांत महावितरणचे जनमित्र, म्हणजे लाइनमन, आडवे झालेले खांब उभे करत होते. त्यांतले कितीतरी दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले, शाळांत मुक्काम ठोकून राहिलेले. दोन्हीकडच्या त्या माणसांच्या कामाला एक ते पाचमधला कोणता क्रमांक द्यायचा, हे त्या खोलीतल्या कुणालाही सांगता आले नसते.